डॉ. फ्रेडरिक बँटिंग

वारणा आणि मोरणा या नद्यांच्या खोऱ्यात, शिराळ्याच्या परिसरात, गुऱ्हाळ सुरू झाले की उसाच्या रसाचा गोड वास दूरवर दरवळतो. जेथे रस सांडतो तेथे मुंग्यांची रांग लागते. आपल्या प्राचीन वैद्यांनी अशाच मुंग्या एका रोगाने पीडलेल्या माणसांच्या मूत्राकडे धावताना पाहिल्या होत्या. त्यावरून मूत्रात साखर उतरते हे त्यांनी ताडले आणि त्या रोगाला मधुमेह असे नाव दिले. प्रमेहाच्या एका प्रकाराची तर त्यांनी उसाच्या रसाशीच तुलना केली आहे.

रोग ओळखता आला, तरी पुढे शतकानुशतके त्यावर खात्रीचा उपाय सापडला नाही. प्रौढ माणसे पथ्याच्या बळावर काही वर्षे काढीत. लोकमान्य टिळकांना हा विकार होता आणि मंडालेच्या कारावासात त्यांना आहाराचे कडक नियम पाळावे लागत. लहान मुलांचे भाग्य मात्र एवढेही थोर नव्हते. मधुमेह झालेले मूल सतत तहानेने व्याकूळ होई, भरपूर खाऊनही वाळत जाई आणि थोड्याच काळात बेशुद्ध होऊन मरण पावे. त्याला अगदी मोजके अन्न देणे, जवळजवळ उपाशी ठेवणे, एवढाच उपचार डॉक्टरांच्या हाती होता. त्याने मृत्यू काही महिने लांबे, पण टळत नसे. ज्यांच्या प्रयत्नांमुळे ही स्थिती पालटली, त्या डॉ. फ्रेडरिक बँटिंग यांचे हे चरित्र आहे.

फ्रेडरिकचा जन्म १४ नोव्हेंबर १८९१ रोजी कॅनडा देशातील ऑन्टॅरिओ प्रांतात, ॲलिस्टन गावाजवळच्या एका शेतकरी कुटुंबात झाला. पाच भावंडांत तो सर्वांत धाकटा. शेतावरील कष्टांची त्याला लहानपणापासून सवय होती. अभ्यासात मात्र त्याने विशेष चमक दाखविली नाही. टोरांटोच्या विद्यापीठात तो प्रथम साहित्यादी विषय शिकण्यासाठी गेला, पण पहिल्याच वर्षी त्याला अपयश आले. तेव्हा १९१२ साली त्याने वैद्यकाचा अभ्यास हाती घेतला व तो नेटाने पुरा केला.

त्या वेळी पहिले महायुद्ध चालू होते. १९१६ च्या अखेरीस पदवी मिळताच बँटिंग सैन्याच्या वैद्यकीय पथकात दाखल झाले. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील कांब्रे येथील लढाईत तोफगोळ्याचा तुकडा त्यांच्या उजव्या हातात घुसला. स्वतःच्या जखमेतून रक्त वाहत असतानाही ते इतर जखमी सैनिकांवर उपचार करीत राहिले. या शौर्याबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे पदक देण्यात आले.

युद्ध संपल्यावर १९२० च्या जुलै महिन्यात त्यांनी ऑन्टॅरिओमधील लंडन या शहरात दवाखाना थाटला. पण रोगी फिरकेनात. पहिल्या महिन्याची त्यांची मिळकत अवघी ४ डॉलर होती. पोटापाण्यासाठी ते तेथील विद्यापीठात थोडेफार शिकविण्याचे काम करू लागले. विद्यार्थ्यांना स्वादुपिंडाविषयी पाठ द्यावयाचा होता, म्हणून ते ३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री त्या विषयाची तयारी करीत बसले. लोकमान्यांचे निधन होऊन तेव्हा तीनच महिने लोटले होते.

स्वादुपिंड हे जठराच्या मागे असलेले एक इंद्रिय आहे. ते पाचक रस तयार करते व नलिकेवाटे आतड्यात सोडते. पॉल लांगरहान्स या जर्मन अभ्यासकाने १८६९ साली त्यात पेशींचे निराळे पुंजके पाहिले होते. समुद्रात बेटे असावीत तसे ते दिसत. पुढे १८८९ साली मिंकोव्स्की व फोन मेरिंग या दोघांनी एका कुत्र्याचे स्वादुपिंड काढून टाकले, तेव्हा त्याला मधुमेह जडला. यावरून त्या बेटांमधून रक्तातील साखरेला आवर घालणारे काही द्रव्य पाझरत असावे, असा तर्क अनेकांनी केला. ते द्रव्य वेगळे काढण्याचे प्रयत्नही झाले, परंतु खात्रीचे यश कोणाला लाभले नव्हते.

त्या रात्री बँटिंग यांना झोप लागेना. स्वादुपिंडाची नलिका बांधून टाकली, तर पाचक रस करणारा भाग सुकून जाईल आणि बेटे तेवढी शिल्लक राहतील. मग पाचक रसाने नाश होण्यापूर्वीच ते द्रव्य हाती लागेल, असा विचार त्यांच्या मनात आला. पहाटे दोनच्या सुमारास उठून त्यांनी तो टिपून ठेवला.

काही दिवसांनी ते टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक जॉन मॅक्लाउड यांना भेटले. मॅक्लाउड या विषयातले जाणते पंडित होते. या तरुणाचे ज्ञान तोकडे आहे हे त्यांनी ओळखले, तरीही त्याला संधी द्यावयाचे ठरविले. त्यांनी एक प्रयोगशाळा, दहा कुत्री आणि चार्ल्स बेस्ट नावाचा बावीस वर्षांचा एक विद्यार्थी मदतीला दिला. १७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले.

तो उन्हाळा कडक होता. खोली कोंदट होती आणि बँटिंग यांना वेतन मिळत नव्हते. पहिल्या काही आठवड्यांत शस्त्रक्रियेनंतर अनेक कुत्री दगावली. मुक्या प्राण्यांच्या या मृत्यूची किंमत मोठी होती. ३० जुलै रोजी त्यांनी स्वादुपिंडाचा अर्क मधुमेही कुत्र्याला टोचला. त्याच्या १०० घनसेंटिमीटर रक्तात २०० मिलिग्रॅम साखर होती, ती तासाभरात १२० वर उतरली. दोघांना अत्यानंद झाला. पण ते कुत्रे दुसऱ्या दिवशी मेले.

मॅक्लाउड त्या वेळी स्कॉटलंडला गेले होते. सप्टेंबरात परतल्यावर त्यांनी सर्व नोंदी बारकाईने तपासल्या आणि अडचणीचे प्रश्न विचारले. साखर उतरली ती अर्कामुळेच कशावरून? पुन्हा पुन्हा तसेच घडते काय? त्यांनी प्रयोग आणखी करण्यास सांगितले. बँटिंग स्वभावाने तापट होते. आपल्यावर अविश्वास दाखविला जात आहे असे त्यांना वाटले आणि दोघांत खटके उडाले. तथापि रागावूनही त्यांनी काम सोडले नाही. त्यांनी प्रयोग पुन्हा केले, आकडे पुन्हा टिपले. मार्जोरी नावाची एक कुत्री अर्काच्या साहाय्याने सुमारे सत्तर दिवस जगली.

या पुनःपुन्हा केलेल्या प्रयोगांतून एक अनपेक्षित गोष्ट उघड झाली. नलिका बांधण्याची खटपट करण्याचे कारणच नव्हते! खाटिकखान्यातून आणलेल्या गुरांच्या स्वादुपिंडापासून मद्यार्काच्या साहाय्याने ते द्रव्य सरळ काढता येत होते. ज्या कल्पनेने बँटिंग यांची झोप उडविली होती, ती अनावश्यक ठरली. बँटिंग यांनी स्वतःच्या कल्पनेचा हट्ट धरला नाही. प्रयोगाने दाखविलेली वाट त्यांनी स्वीकारली.

डिसेंबर १९२१ मध्ये जेम्स कॉलिप हे रसायनतज्ज्ञ अर्क शुद्ध करण्यासाठी त्यांना येऊन मिळाले. त्याच सुमारास टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्प्सन नावाचा चौदा वर्षांचा मुलगा मृत्यूच्या दारी पडला होता. त्याचे वजन सुमारे २९ किलोग्रॅम उरले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला बँटिंग व बेस्ट यांनी तयार केलेला अर्क टोचण्यात आला. साखर थोडीशी उतरली, पण मुलाला गुण आला नाही; उलट टोचलेल्या जागी गळू झाले. डॉक्टरांनी अर्क देणे थांबविले.

साखर उतरली होती, एवढ्यावरच डांगोरा पिटता आला असता. तसे केले असते, तर अशुद्ध औषधाने कितीतरी मुलांना अपाय झाला असता. कॉलिप यांनी रात्रंदिवस खपून अर्क अधिक शुद्ध केला. २३ जानेवारी रोजी तो लिओनार्डला देण्यात आला. या खेपेला रक्तातील साखर ५२० वरून १२० वर आली. मूत्रातील साखर जवळजवळ नाहीशी झाली. मुलगा उठून बसला, हिंडूफिरू लागला. पुढे तो तेरा वर्षे जगला. या द्रव्याला, बेट या अर्थाच्या लॅटिन शब्दावरून, इन्सुलिन असे नाव पडले.

त्यानंतर जगभरातून मधुमेही मुलांचे आईबाप टोरांटोकडे आशेने पाहू लागले. औषध विकून बँटिंग यांना अमाप संपत्ती मिळविता आली असती. परंतु रोग्याचा जीव वाचविणाऱ्या औषधावर डॉक्टराने मालकी सांगू नये, असे त्यांचे मत होते. बँटिंग, बेस्ट व कॉलिप या तिघांनी प्रत्येकी केवळ १ डॉलर घेऊन आपले हक्क टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले.

१९२३ साली बँटिंग व मॅक्लाउड यांना नोबेल पारितोषिक मिळाले. बेस्टला वगळले गेले याचे बँटिंग यांना वाईट वाटले. त्यांनी आपल्या वाट्याची अर्धी रक्कम बेस्टला दिली. मॅक्लाउड यांनीही आपली अर्धी रक्कम कॉलिप यांना दिली. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बँटिंग इंग्लंडला निघाले असता न्यूफाउंडलंड येथे त्यांचे विमान कोसळले आणि २१ फेब्रुवारी १९४१ रोजी, वयाच्या एकोणपन्नासाव्या वर्षी, त्यांचे देहावसान झाले.

इन्सुलिनने मधुमेह समूळ नाहीसा होत नाही. ज्याच्या शरीरात ते तयारच होत नाही, त्याला ते रोज घ्यावे लागते. पण त्यामुळे मुले वाढतात, शिकतात, संसार करतात. प्रौढांमध्ये आढळणारा मधुमेह बहुधा निराळ्या प्रकारचा असतो. तो होण्यापूर्वीच रोखता येतो काय, हेही संशोधकांनी तसेच मोजून पाहिले आहे. चेन्नई येथे मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ व्यक्तींवर सुमारे तीन वर्षे अभ्यास झाला. ज्यांना आहारात सुधारणा व नियमित चालणे यांचे मार्गदर्शन मिळाले, त्यांच्यात मधुमेह होण्याचे प्रमाण तसे मार्गदर्शन न मिळालेल्यांपेक्षा सुमारे २८ टक्क्यांनी कमी आढळले. तो निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाला. पुणे जिल्ह्यातील सहा गावांत १९९३ पासून गरोदर माता व त्यांच्या बालकांचा अभ्यास सुरू झाला. आपल्याकडील बालके जन्मतः वजनाने कमी असली, तरी त्यांच्या अंगी चरबीचे प्रमाण त्या मानाने अधिक असते, असे त्यातून दिसले. म्हणून मधुमेह टाळण्याचा विचार मातेच्या आहारापासून करावा लागतो, हे तज्ज्ञांच्या ध्यानी आले.

मधुमेहावर रामबाण मुळी किंवा चूर्ण देतो, इन्सुलिन सोडून द्या, असे सांगणारी माणसे आजही भेटतात. त्यांच्या बोलण्यावर विश्वास ठेवून औषध सोडणाऱ्या मुलाच्या प्राणावर बेतते. अशा वेळी मॅक्लाउड यांनी विचारलेलेच प्रश्न विचारावेत. हे औषध किती जणांना दिले? साखर मोजली काय? ज्यांना दिले नाही, त्यांच्याशी तुलना केली काय? बँटिंग यांना हे प्रश्न प्रथम बोचले, पण त्यांच्या उत्तरांतूनच लिओनार्डला जीवदान मिळाले.

१४ नोव्हेंबर हा दिवस आपल्या देशात बालदिन म्हणून साजरा होतो. बँटिंग यांचा तो जन्मदिवस असल्यामुळे सारे जग त्याच दिवशी मधुमेह दिनही पाळते. ज्यांनी असंख्य बालकांना आयुष्य दिले, त्यांचे स्मरण करण्यास याहून उचित दिवस कोणता असू शकेल?