श्वासाचे शास्त्र शिकविणारे हाल्डेन

आपला भंडारा हा तलावांचा जिल्हा. उन्हाळ्यात गावच्या मालगुजारी तलावात पाण्याखाली कोण जास्त वेळ राहतो, अशी पैज आम्ही मुले लावत असू. बुडी मारण्यापूर्वी भराभर श्वास घ्यावा, म्हणजे दम टिकतो, असे थोरली मुले शिकवीत. एकदा माझा सोबती पाण्याखालीच निपचित पडला. जवळच जाळे टाकणाऱ्या एका काकांनी त्याला ओढून काढले, म्हणून तो वाचला. असे का घडले, हे मला जॉन स्कॉट हाल्डेन यांचे चरित्र वाचताना उमगले.

हाल्डेन यांचा जन्म १८६० मध्ये एडिंबरो येथे झाला. १८८४ मध्ये वैद्यकाची पदवी मिळवूनही त्यांनी दवाखाना थाटला नाही. पुढे ऑक्सफर्ड येथे त्यांनी श्वसनाचा अभ्यास हेच आपले जीवनकार्य मानले. कोळसा खाणीतील स्फोटानंतर बहुतेक कामगार कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूने मरतात, हे त्यांनी १८९६ मध्ये दाखविले. हा वायू त्यांनी स्वतःही हुंगून पाहिला. धोक्याची सूचना मिळावी म्हणून खाणीत पिंजऱ्यातून लहान पक्षी न्यावेत, असे त्यांनीच सुचविले. आपल्या जिल्ह्यात चिखल्याला मॅंगनीजची भूमिगत खाण आहे. तेव्हा या कार्याचे मोल आपल्याला सहज कळेल.

१९०५ मध्ये त्यांनी प्रिस्टले यांच्यासह एक महत्त्वाचा शोध लावला. श्वास घेण्याची ओढ मुख्यतः प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, तर रक्तात कर्बवायू वाढल्याने लागते. भराभर श्वास घेतल्याने प्राणवायूचा साठा फारसा वाढत नाही, कर्बवायू मात्र निघून जातो. मग ओढ लागण्यापूर्वीच प्राणवायू संपत येतो आणि माणूस बेशुद्ध होतो. माझ्या सोबत्याचे हेच झाले होते.

पुढे ब्रिटिश नौदलासाठी त्यांनी पोलादी कोठीत बकऱ्यांवर प्रयोग केले. नळीतून दाबाची हवा घेणाऱ्या पाणबुड्याने टप्प्याटप्प्याने थांबत वर यावे, असे वेळेचे तक्ते त्यांनी १९०८ मध्ये सहकाऱ्यांसह प्रसिद्ध केले. १९१५ मध्ये युद्धभूमीवर विषारी वायू सोडला गेला, तेव्हा ते तपासासाठी फ्रान्सला गेले. १९३६ मध्ये त्यांचे निधन झाले. त्यांचे पुत्र जे. बी. एस. हाल्डेन १९५७ मध्ये भारतात आले आणि येथलेच झाले.

आज दम रोखून खोल बुडी मारण्याचा खेळ जगभर चालतो. बुडीपूर्वी भराभर श्वास घेऊ नये, एकाने बुडी मारावी व दुसऱ्याने वरून लक्ष ठेवावे, हे त्यातील शिक्षक प्रथम शिकवितात. स्पर्धेत खेळाडूला दोरीशी जोडलेले असते आणि मदतनीस पाण्यात तयार असतात. आमच्या तलावावर दोरी नाही, शिक्षकही नाही. त्या दिवशी काका होते, हे आमचे नशीब! वाचकहो, आमच्या घरातून महाविद्यालयाची पायरी चढलेला मी पहिलाच. येत्या उन्हाळ्यात गावच्या धाकट्या मुलांना हाल्डेन यांनी दिलेला हा धडा सांगावयाचा, असे मी ठरविले आहे.