राजाच्या ताटापाशी



आजचं वाचन: दानीएल, अध्याय १.

यरुशलेममधून बाबेलला नेलेली तरुण पोरं. राजाने त्यांना तीन वर्षांचं ट्रेनिंग लावलं, नवी भाषा शिकवली, नावंसुद्धा बदलली. दानीएलने हे सगळं चालवून घेतलं. अडला तो फक्त राजाच्या ताटापाशी. लहानपणी मला हे विचित्र वाटायचं. नाव बदललेलं चालतं आणि जेवण चालत नाही?

याचं उत्तर मला सापडलं ते याच पुस्तकावर भाष्य लिहिणाऱ्या एका माणसाच्या आयुष्यात. डॉन इसहाक अब्राव्हानेल.

१४३७ साली लिस्बनमध्ये त्यांचा जन्म झाला. घर श्रीमंत, विद्वान, दरबारात ऊठबस असलेलं. पण या घराला एक जुनी जखम होती. आजोबा शमुवेल हे कॅस्टिलमधले बडे अधिकारी, आणि त्यांनी ख्रिस्ती धर्म स्वीकारला होता. पुढे घराणं पोर्तुगालला गेलं आणि पुन्हा यहुदी म्हणून जगू लागलं. मोठ्या पदावरचा माणूस कसा वाकतो, हे इसहाकना पुस्तकात वाचायची गरज नव्हती.

ते पोर्तुगालचा राजा अफोन्सो पाचवा याच्या पैशांचा कारभार बघायचे. १४७१ मध्ये पोर्तुगीजांनी मोरोक्कोतलं अर्झिला जिंकलं आणि तिथले सुमारे २५० यहुदी गुलाम म्हणून विकले गेले. त्यांना सोडवण्यासाठी इसहाकनी स्वतःचे पैसे घातले आणि वर्गणी गोळा केली. म्हणजे दरबारात राहूनही आपल्या लोकांना ते विसरले नव्हते.

अफोन्सो वारल्यावर दिवस फिरले. १४८३ मध्ये नव्या राजाने बड्या सरदारांवर कटाचा आरोप ठेवला, त्यात यांचंही नाव आलं. जीव वाचवून ते कॅस्टिलमध्ये पळाले. मागे सगळी मालमत्ता जप्त झाली.

आता हातात ना काम, ना पैसा. मग ते लिहायला बसले आणि काही महिन्यांत यहोशवा, शास्ते आणि शमुवेल या पुस्तकांवरची भाष्यं लिहून काढली. पुढचं पुस्तक होतं राजे. आणि नेमकं तेव्हाच खऱ्या राजाचं बोलावणं आलं! १४८४ मध्ये ते फर्दिनांद आणि इसाबेला यांच्या सेवेत रुजू झाले. राजेवरचं भाष्य राहिलं बाजूला, ते थेट हा देश सुटेपर्यंत. हे वाचताना मला जरा टोचलं. आधी जॉब, मग तोरा. हे आपल्यालाच होतं असं नाही तर.

मग आला ३१ मार्च १४९२. राजा-राणीने हुकूम काढला की जुलैअखेर एकाही यहुद्याने देशात राहायचं नाही. बाप्तिस्मा घेतला तर मात्र राहता येणार होतं. इसहाक राजाकडे पुन्हा पुन्हा गेले, विनवण्या केल्या, प्रचंड रक्कम देऊ केली. काही उपयोग झाला नाही.

दरबारातले दुसरे मोठे यहुदी म्हणजे अब्राहाम सेनियोर. वय ऐंशीच्या घरात. जूनमध्ये ग्वादालूपे इथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला, आणि राजा-राणी स्वतः धर्मपिता आणि धर्ममाता झाले. मी त्यांना नावं ठेवणार नाही. ऐंशीव्या वर्षी घर सोडून समुद्रात जायचं, हे एसीत बसून जोखायची माझी लायकी नाही.

इसहाकसमोरही तोच दरवाजा उघडा होता. पद राहिलं असतं, पैसा राहिला असता. त्यांच्या वर्षभराच्या नातवाला पळवून कुटुंबाला अडकवायचा डावसुद्धा शिजला. मुलगा यहूदाने बाळाला दाईबरोबर गुपचूप पोर्तुगालला पाठवलं. पण तिथे ते राजाच्या हाती सापडलं आणि पुढे त्याचा बाप्तिस्मा केला गेला. खरं राहिलं की सगळं सुरळीत होतं, असं ही गोष्ट सांगत नाही. इसहाक मोठ्या येण्यावर पाणी सोडून, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी जहाजात बसले.

नेपल्सला पोचल्यावर त्यांनी आधी राजेवरचं अर्धवट भाष्य पूर्ण केलं. तिथल्या राजानेही त्यांना कामावर घेतलं. १४९५ मध्ये फ्रेंच फौजा आल्या, घर लुटलं गेलं, ग्रंथ गेले. मग सिसिली, कॉर्फू, मोनोपोली. कॉर्फूला त्यांना तोराच्या पाचव्या पुस्तकावरचं आपलंच हरवलेलं हस्तलिखित परत मिळालं! मोनोपोलीत त्यांनी ते पूर्ण केलं, पेसाहच्या हग्गादावर लिहिलं, आणि दानीएलवरही. १५०८ मध्ये व्हेनिसला ते वारले.

आता माझ्या प्रश्नाकडे येतो. इसहाकनी आयुष्यभर वाटाघाटी केल्या. राजे बदलले, देश बदलले, पैसा ओतला. फक्त एक गोष्ट त्यांनी त्या टेबलावर कधी ठेवलीच नाही. दानीएलचंही तेच. सगळ्याच गोष्टींना नाही म्हणणं म्हणजे निष्ठा नव्हे. कुठे नाही म्हणायचं ते आधीच ठरलेलं असणं, ही निष्ठा.

माझं ठरलेलं नव्हतं. गेल्या महिन्यात शुक्रवारी संध्याकाळी, घरात शब्बाथचे दिवे लागल्यावर मी लॅपटॉप उघडला. कोणी धमकी दिली नव्हती. रिलीज होती, टीमला माणूस हवा होता, एवढंच. खरं सांगायचं तर टीममध्ये मी कोणाला कधी बोललोच नव्हतो की शुक्रवार संध्याकाळ ते शनिवार संध्याकाळ मी नसतो. मीच ती गोष्ट टेबलावर ठेवली होती, मग कोणीतरी उचलणारच ना.

कोकणात आपल्या बेने इस्राएल पूर्वजांना लोक शनिवार तेली म्हणायचे. हिब्रू विसरली होती, हाताशी ग्रंथ नव्हते. पोट तेलावर चालायचं. पण शनिवारी घाणा बंद, आणि हे अख्ख्या गावाला माहीत होतं.

सोमवारी मी मॅनेजरला सांगितलं. रविवारच्या रिलीज मी घेईन, शनिवारच्या नाही. अजून उत्तर आलेलं नाही, आणि अप्रेझल जवळ आलंय. बघू. पण या शुक्रवारी लॅपटॉप कपाटात असेल.

तुमचा घाणा कोणत्या दिवशी बंद असतो, आणि ते तुमच्या गावाला माहीत आहे का? आज एवढाच विचार करूया.

शब्बाथ शालोम.