पावसाचे गणित मांडणारे गिल्बर्ट वॉकर

जून उजाडला की आपण आकाशाकडे डोळे लावून बसतो. पावसाच्या अंदाजासाठी भारतात वीस वर्षे खपलेल्या गिल्बर्ट वॉकर यांची ओळख आम्ही करून देत आहोत.

वॉकर (१८६८-१९५८) मूळचे केंब्रिजचे गणितज्ञ. १९०४ मध्ये ते भारतीय हवामान खात्याचे प्रमुख झाले. १८९९ च्या दुष्काळाची आठवण तेव्हा ताजी होती. वारा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे वाहतो. म्हणून वॉकर यांनी जगभरच्या हवेच्या दाबाच्या नोंदी ताडून पाहिल्या. प्रशांत महासागरावर दाब वाढला की हिंदी महासागरावर तो घटतो, असे त्यांना आढळले. त्यांचे अंदाज पुष्कळदा चुकले. हा संबंध मात्र खरा ठरला. आजचे मॉन्सूनचे अंदाज बांधतानाही तो विचारात घेतात.

मुलांनो, आमचे एवढेच सांगणे : उत्तर चुकले म्हणून वही फाडू नका.