धन्यवादित चार्ल्स, फ्लँडर्सचे काउंट

आपल्या धर्मग्रामाच्या ज्युबिलीच्या स्मरणिकेंत आठ-नऊ शतकांपूर्वींच्या एका परदेशी राजपुरुषाचें चरित्र कशासाठीं, असा प्रश्न वाचकांच्या मनांत येणें साहजिक आहे. त्याचें उत्तर कथा संपतां संपतां मिळेल, म्हणून प्रथम कथाच सांगतों.

आजच्या बेल्जियम देशाचा पश्चिम भाग व त्यास लागून असलेला फ्रान्सचा उत्तरेकडील टापू मिळून मध्ययुगांत फ्लँडर्स नांवाचा प्रांत होता. उत्तर समुद्राच्या कांठचा हा सखल व दलदलीचा मुलूख. परंतु ब्रूज, घेंट, ईपर अशा नगरांच्या व्यापारानें व लोंकरीच्या कापडानें तो संपन्न होत चालला होता. तेथील अधिपतीस काउंट म्हणत. तो फ्रान्सच्या राजाचा मांडलिक असे, तरी आपल्या प्रांतांत त्याचाच शब्द चाले. ह्या घराण्याचा मूळपुरुष लोहबाहु बाल्डविन. त्यानें ८६२ च्या सुमारास फ्रँक राजाची कन्या ज्युडिथ हिला पित्याच्या संमतीवांचून नेऊन तिच्याशीं विवाह लावला. राजा कोपला, तेव्हां बाल्डविननें रोमचा आश्रय घेतला. पोप निकोलस पहिले ह्यांनीं मध्यस्थी करून सासऱ्या-जांवयाचा समेट घडवून आणला व पुढें फ्लँडर्सची सत्ता ह्याच वंशांत चालू राहिली.

गादी बहुतेक पित्याकडून पुत्राकडे जाई, परंतु प्रत्येक वेळीं ती सरळ मार्गानें गेली असें नाहीं. १०७० मध्यें बाल्डविन सहावा मरण पावला आणि त्याचा किशोर पुत्र आर्नुल्फ अधिकारावर आला. मुलाचा चुलता रॉबर्ट, ज्यास इतिहासांत फ्रिसियन रॉबर्ट म्हणतात, तो ह्या पुतण्याविरुद्ध उठला. फेब्रुवारी १०७१ मध्यें कॅसल येथें लढाई झाली. तींत आर्नुल्फ मारला गेला व चुलता काउंट होऊन बसला. आर्नुल्फच्या धाकट्या भावाकडे शेजारचा एनो प्रांत तेवढा उरला. हा फ्रिसियन रॉबर्ट आपल्या चरित्रनायकाचा मातामह होय, हें ध्यानांत ठेवावें.

रॉबर्टची कन्या अडेला डेन्मार्कचे राजे कनूट ह्यांस दिलेली होती. त्यांच्या पोटीं १०८४ च्या सुमारास चार्ल्स जन्मास आले. पितृसुख त्यांच्या वांट्यास फार थोडें आलें. कनूट राजे धर्माच्या कामीं उत्साही व शासनांत कडक होते. त्यांच्या करांना विटलेल्या प्रजेनें बंड केलें आणि १० जुलै १०८६ रोजीं ओडन्से नगरांतील संत आल्बन ह्यांच्या मंदिरांत, वेदीसमोर, त्यांचा वध केला. पुढें ख्रिस्तसभेनें त्यांची संतांत गणना केली. विधवा अडेला लहानग्या चार्ल्सना घेऊन माहेरीं फ्लँडर्सला आली. दोन मुली मात्र डेन्मार्कमध्येंच राहिल्या. कांहीं वर्षांनीं अडेलेचा दुसरा विवाह इटलींतील अपुलिया प्रांताच्या ड्यूकशीं झाला व तीही दूर गेली. अशा रीतीनें पिता मारलेला, माता परदेशीं, अशा स्थितींत हें बालक आजोळच्या वाड्यांत वाढलें.

१०९३ मध्यें आजोबा वारले आणि मामा रॉबर्ट दुसरा गादीवर आला. पहिल्या धर्मयुद्धांत जेरुसलेमपर्यंत गेलेला हा वीर ११११ मध्यें मरण पावला. चार्ल्स ह्यांनींही तरुणपणीं पवित्र भूमीची यात्रा केली. मामेभाऊ बाल्डविन सातवा काउंट झाल्यावर ते त्याचे उजवे हात बनले. बाल्डविन १११८ मध्यें नॉर्मंडींतील युद्धांत जखमी झाला. ती जखम बरी झाली नाहीं व जून १११९ मध्यें त्यानें प्राण सोडला. त्यास अपत्य नव्हतें. मरणापूर्वीं त्यानें चार्ल्स ह्यांस वारस नेमलें होतें.

बाल्डविनच्या मातेस, क्लेमेन्स हिला, ही नेमणूक मान्य नव्हती. फ्रिसियन रॉबर्टचा दुसरा एक नातू, ईपरचा विल्यम, तिनें पुढें केला. परंतु त्याचा जन्म औरस नव्हता. कांहीं सरदार तिच्या बाजूस मिळाले. चार्ल्स ह्यांनीं हें बंड लवकरच मोडलें. त्यानंतर मात्र त्यांनीं तरवारीपेक्षां न्यायासनाचा उपयोग अधिक केला. बाजारांत व नगरांत कोणीं धनुष्यबाण घेऊन फिरूं नये, भांडण असल्यास तें न्यायसभेपुढें आणावें, असा नियम त्यांनीं घालून दिला. वैराचा सूड पिढ्यान्‌पिढ्या उगवणाऱ्या त्या समाजांत हा नियम पाळावयास लावणें सोपें नव्हतें.

त्यांची खरी कसोटी दुष्काळानें पाहिली. ११२४ च्या हिवाळ्यापासून पिकें बुडालीं व पुढील वर्षीं लोक अन्नावांचून रस्त्यांत पडूं लागले. चार्ल्स ह्यांनीं केवळ हळहळ व्यक्त केली नाहीं. ब्रूज येथें दररोज शंभर गरिबांस एकेक मोठी भाकर द्यावी आणि हा क्रम नवें पीक हातीं येईपर्यंत चालवावा, अशी त्यांनीं आज्ञा केली. आपल्या इतर ठाण्यांवरही तशीच तजवीज लाविली. ईपरला एका दिवसांत ७,८०० भाकरी वांटल्याचें सांगतात. धान्य दारूंत जाऊं नये म्हणून बीअर गाळण्यास बंदी झाली. ओटच्या पिठाच्याही भाकरी कराव्या असें ठरलें. भाकरीचा आकार निम्मा करविला, तो ज्याच्या गांठीं पुरता पेनीही नाहीं त्यास अर्ध्या पेनीला ती घेतां यावी म्हणून. मद्याचा भाव बांधून दिला, तो व्यापाऱ्यांनीं मद्याऐवजीं अन्नाचे जिन्नस आणावे म्हणून. वाटाणे व पावटे लवकर हातीं येतात, म्हणून पेरणीच्या जमिनीचा कांहीं हिस्सा त्यांस द्यावा असा हुकूम काढला. घेंटच्या कांहीं सधन लोकांनीं आपल्या दाराशीं भुकेलीं माणसें मरूं दिलीं, त्यांची त्यांनीं कडक शब्दांत निर्भर्त्सना केली. शेतकरी असो वा राज्यकर्ता, दुष्काळ पाहिलेल्या कोणासही ह्या आज्ञांमागील शहाणपण समजेल.

त्यांची कीर्ति दूरवर पोहोंचली. जेरुसलेमचा राजा शत्रूच्या बंदींत असतां तेथील मुकुट त्यांस देऊं केला होता, आणि ११२५ मध्यें जर्मन सम्राट् निवर्तल्यावर त्या पदासाठींही त्यांस विचारण्यांत आलें, असें ब्रूजच्या गालबेरनें लिहून ठेविलें आहे. दोन्ही मान त्यांनीं नाकारले व ते आपल्या प्रजेजवळ राहिले.

आतां कथेचा दुःखद भाग येतो. ब्रूजच्या किल्ल्यांत संत डोनेशियन ह्यांचें मंदिर होतें. तेथील धर्मगुरुमंडळाचा प्रमुख बर्टुल्फ हाच प्रांताचा मुख्य चिटणीसही होता. त्याचा भाऊ हाकेट हा किल्लेदार. ह्या घराण्याजवळ संपत्ति, अधिकार व माणसें सर्व कांहीं होतें. परंतु त्याचें मूळ भूदासांत आहे, अशी कुजबूज होती. एका सरदारानें बर्टुल्फच्या भाचीशीं लग्न केलें होतें. दासकन्येशीं विवाह करणारा स्वतंत्र पुरुष वर्षानंतर स्वतः दास ठरे, असा त्या काळचा कायदा. ह्या सरदारानें दुसऱ्या एकास द्वंद्वास बोलाविलें, तेव्हां दासाशीं आपण लढणार नाहीं असें त्यानें भर न्यायसभेंत सांगितलें. गुपित उघड्यावर आलें व काउंटनीं चौकशी चालविली. आजच्या दृष्टीनें जन्मावरून माणसास दास ठरविणारा तो कायदाच अन्यायाचा होता, हें मान्य केलें पाहिजे. ख्रिस्तानें सर्वांस एकाच किंमतीनें सोडविलें आहे. चार्ल्स आपल्या काळाच्या कायद्यानें चालले, त्यापलीकडे त्यांनीं पाहिलें नाहीं. परंतु बर्टुल्फच्या घराण्यानें त्या अन्यायावर जो उपाय शोधला, तो त्या अन्यायाहूनही भयंकर होता.

त्यांत आणखी एक ठिणगी पडली. बर्टुल्फचा पुतण्या बोर्सिआर्ड ह्याचें थँकमार नांवाच्या शेजाऱ्याशीं वैर होतें. त्यानें उपवासकाळांतही शेतकऱ्यांचीं घरें लुटलीं. लुटलेले गरीब लोक काउंटकडे धांवले. चार्ल्स ह्यांनीं सल्लागारांच्या मतें बोर्सिआर्डचें घर जाळविलें. नंतर मध्यस्थ आले, तेव्हां, वैर सोडल्यास दुसऱ्या ठिकाणीं अधिक चांगलें घर देऊं, असेंही त्यांनीं कबूल केलें. पण त्याच रात्रीं कटवाल्यांनीं दिवे मालवून अंधारांत शपथा घेतल्या.

२ मार्च ११२७, उपवासकाळांतील बुधवार. पहांटे एवढें धुकें होतें कीं भाल्याच्या लांबीपलीकडचें दिसत नव्हतें. सावध राहण्याच्या सूचना चार्ल्स ह्यांस मिळाल्या होत्या. तरी ते नेहमींप्रमाणें गरिबांस दान देऊन मंदिराच्या वरच्या सज्ज्यांत प्रार्थनेस गेले. स्तोत्रांचें पुस्तक उघडें होतें, वांटावयाचीं नाणीं जवळ ठेविलेलीं होतीं. ते भूमीवर नत होऊन प्रार्थना करीत असतां बोर्सिआर्ड व त्याचे साथीदार मागून आले आणि त्यांनीं तरवारीनें त्यांचा वध केला. पित्यास मंदिरांत मृत्यु आला होता. एकेचाळीस वर्षांनीं पुत्रासही तसाच आला.

मी स्वतः धर्मगुरु आहें, म्हणून बर्टुल्फचें नांव लिहितांना हात अडखळतो. त्यानें शस्त्र उचललें नाहीं. परंतु कट त्याच्या घराण्याचा, मंदिर त्याच्या ताब्यांतील, आणि मारेकऱ्यांस आश्रयही त्याचाच. वेदीची सेवा करणाराही लोभानें व कुलाभिमानानें किती खालीं जाऊं शकतो, हें झांकून ठेवण्यांत ख्रिस्तसभेचें हित नाहीं. त्याच ब्रूजमध्यें दुसरा एक साधा धर्मसेवक होता, तो म्हणजे लेखनिक गालबेर. नगरांत आग व लढाई चालू असतां बसावयास धड जागा नव्हती, तरी त्यानें मेणाच्या पाट्यांवर दिवसांमागून दिवसांची हकीकत टिपून ठेविली. आज आपणांस हें चरित्र इतक्या बारकाईनें माहीत आहे, तें मुख्यतः त्याच्यामुळें.

घेंटचे मठाधिपति शव नेण्यास आले, तेव्हां गरीब लोकांनीं व मंदिराच्या धर्मगुरूंनीं तें नेऊं दिलें नाहीं. काउंटचे विश्वासू सरदार व नागरिक ह्यांनीं मारेकऱ्यांस प्रथम किल्ल्यांत, मग मंदिरांत व शेवटीं मनोऱ्यांत कोंडलें. एप्रिलच्या मध्यानंतर ते शरण आले. बर्टुल्फ पळाला, परंतु पकडला जाऊन ईपर येथें फांशीं गेला. बोर्सिआर्डचाही अंत हालहाल होऊन झाला. ५ मे रोजीं उरलेल्या पंचवीसांहून अधिक लोकांस मनोऱ्यावरून लोटून देण्यांत आलें. सूड पुरा झाला. पण ज्यांच्यासाठीं तो घेतला, त्यांनीं आयुष्यभर सूडाऐवजीं न्याय मागा असेंच शिकविलें होतें.

चार्ल्स ह्यांसही संतति नव्हती, म्हणून गादीवर अनेकांनीं हक्क सांगितला. फ्रान्सचा राजा लुई सहावा ह्यानें नॉर्मंडीच्या विल्यम क्लिटोस बसविलें. त्यानें नगरांस जकातींतून सूट देण्याचीं वचनें दिलीं व तीं मोडलीं. नगरें उठलीं आणि त्यांनीं फ्रिसियन रॉबर्टचा दुसरा दौहित्र, अल्सासचा थिएरी, ह्यास बोलाविलें. ११२८ च्या जुलैंत क्लिटो आल्स्टच्या वेढ्यांत जखमी होऊन मेला व थिएरी काउंट झाला. प्रजेशीं केलेला करार मोडणाऱ्या अधिपतीस प्रजा नाकारूं शकते, हा विचार त्या वर्षीं फ्लँडर्समध्यें मोठ्यानें बोलला गेला. थिएरीचा पुत्र फिलिप ११९१ मध्यें एकर येथें निपुत्रिक वारला, आणि गादी त्याच्या बहिणीकडे व तिचा पति एनोचा बाल्डविन ह्याजकडे गेली. हा बाल्डविन कॅसलच्या रणांत मेलेल्या आर्नुल्फच्या भावाचा वंशज. एकशें वीस वर्षांनीं ज्येष्ठ शाखा परत आली. चार्ल्स ह्यांचा वध हा मातामहाच्या पापाचा दंड, असें गालबेरास वाटलें. मला तसें म्हणवत नाहीं. आजोबांनीं जें बळानें घेतलें, तें नातवानें शंभर भाकरींच्या रूपानें रोज परत दिलें, असें मला वाटतें.

संत डोनेशियनचें मंदिर फ्रेंच राज्यक्रांतीनंतर, १७९९ मध्यें, पाडण्यांत आलें. चार्ल्स ह्यांचे अवशेष ब्रूजच्या कॅथेड्रलमध्यें जतन केलेले आहेत. १८८२ मध्यें पोप लिओ तेरावे ह्यांनीं त्यांच्या पूजनास मान्यता दिली व २ मार्च हा त्यांचा स्मरणदिन ठरला. त्याच लिओ महाराजांनीं १८९३ मध्यें भारतीय धर्मगुरूंच्या शिक्षणासाठीं सिलोनांतील कँडी येथें गुरुविद्यालय स्थापिलें, तें बेल्जियन येशूसंघीयांकडे सोपविलें, व १९५५ मध्यें तें आपल्या पुण्यास आलें. फ्लँडर्सच्या भूमीचें आपल्यावर असें एक ऋण आहे.

आणि स्मरणिकेंत हें चरित्र कां, ह्याचेंही उत्तर द्यावयाचें आहे. ज्युबिलीच्या वर्षीं आपण मंदिर कोणीं बांधलें, कोण धर्मगुरु कोणामागून आले, ह्यांची यादी करतों, आणि तें योग्यच आहे. परंतु फ्लँडर्सच्या काउंटांच्या लांबलचक यादींत लोकांनीं सत्पुरुष ही पदवी एकास दिली, ती त्याच्या दाराशीं भुकेल्यास भाकर मिळाली म्हणून. आपल्या धर्मग्रामांत आज कोणाच्या घरीं चूल पेटली नाहीं, कोणत्या दोन घरांत जमिनीच्या बांधावरून बोलणें बंद आहे, ह्याची चौकशी ह्या वर्षीं आपण करावी, आणि ती माझ्यापासून सुरू व्हावी. धन्यवादित चार्ल्स आपणांसाठीं विनंति करोत.