धारवाडचा डावखुरा : बाळू पालवणकर

आमच्या कॉलेजच्या संघात मी एकटाच डावखुरा फिरकी गोलंदाज. एकदा सामन्यासाठी धारवाडला गेलो असता सरांनी सांगितले की, बाळू पालवणकर याच गावी जन्मले. नाव मी प्रथमच ऐकत होतो. परतल्यावर ग्रंथालयात बसून त्यांचे चरित्र वाचून काढले.

बाळूंचा जन्म १८७० च्या दशकात, चांभार कुटुंबात झाला. पुण्यात पारशांच्या क्लबात दरमहा ३ रुपयांवर ते नोकरीला लागले. पुढे युरोपियनांच्या क्लबात ४ रुपये मिळू लागले. खेळपट्टी झाडावी, रोलर फिरवावा आणि साहेबांच्या सरावासाठी गोलंदाजी करावी, हे त्यांचे काम. ग्रेगसारख्या कसलेल्या फलंदाजाला तासन्‌तास चेंडू टाकून त्यांचा हात तयार झाला. फलंदाजी करायला मात्र त्यांना कोणी बोलावीत नसे.

पुण्याच्या हिंदू संघाला युरोपियनांना हरवायचे होते, म्हणून बाळूंना संघात घेतले. मैदानावर सर्वांनी एकच चेंडू हाताळला. पण चहाच्या वेळी बाळूंना मंडपाबाहेर, मातीच्या भांड्यात चहा मिळे. त्यांचा चेंडू चालत होता, त्यांची कपबशी चालत नव्हती!

पुढे ते मुंबईच्या हिंदू जिमखान्याकडून खेळू लागले. १९०६ साली हिंदूंनी युरोपियनांना १०९ धावांनी हरविले, त्या संघात बाळू आणि त्यांचे बंधू शिवराम दोघेही होते. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात भारतीय संघाचे बरेच सामने गेले. पण बाळूंनी एकट्याने ११४ बळी मिळविले.

इतके असूनही रीतसर कर्णधारपद त्यांच्या वाट्याला कधीच आले नाही. १९२० साली उपकर्णधारपदापर्यंत मजल गेली, तीही भावांनी निषेध म्हणून संघ सोडल्यानंतर. अखेर १९२३ मध्ये धाकटे बंधू विठ्ठल कर्णधार झाले आणि त्यांनी चौरंगी स्पर्धा जिंकून दाखविली. १९३७ च्या निवडणुकीत बाळू काँग्रेसतर्फे डॉ. आंबेडकरांविरुद्ध उभे राहिले व पराभूत झाले. १९५५ साली त्यांचे निधन झाले.

धारवाडचा तो सामना आम्ही हरलो. नंतर दोन्ही संघांनी एकाच किटलीतला चहा घेतला. कोण कोणाचा, हे कोणी विचारले नाही. मीही त्या वेळी त्यात विशेष काही पाहिले नव्हते. आता मात्र हातात कप आला की बाळूंची आठवण होते, आणि आपल्या गावात अजूनही कोणाचा कप वेगळा ठेवला जातो का, हे पाहावेसे वाटते.