रॉबर्ट हूक

रॉबर्ट हूक (१८ जुलै १६३५ – ३ मार्च १७०३, जुन्या इंग्लिश कालगणनेनुसार) हे इंग्लिश भौतिकशास्त्रज्ञ, प्रयोगकार व वास्तुविशारद होते. स्प्रिंगवर लावलेले बल आणि त्यामुळे तिच्या लांबीत पडणारा फरक परस्परांच्या प्रमाणात असतात, हा त्यांनी मांडलेला नियम ‘हूकचा नियम’ म्हणून ओळखला जातो. ताणकाट्यापासून मातीच्या ट्रॅकवर धावणाऱ्या शर्यतीच्या मोटारीपर्यंत अनेक यंत्रांसाठी स्प्रिंग निवडताना हाच नियम आधारभूत असतो.

बालपण व शिक्षण

हूक यांचा जन्म इंग्लंडच्या दक्षिणेकडील आईल ऑफ वाइट बेटावरील फ्रेशवॉटर या गावी झाला. त्यांचे वडील जॉन हूक हे तेथील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. लहानपणी प्रकृती नाजूक असल्याने रॉबर्ट यांचे प्रारंभीचे शिक्षण घरीच झाले. चित्रे काढणे आणि यंत्रांच्या प्रतिकृती बनविणे हे त्यांचे छंद होते. १६४८ मध्ये वडिलांचे निधन झाल्यावर ते लंडनला आले. चित्रकार पीटर लेली यांच्याकडे अल्पकाळ उमेदवारी केल्यानंतर ते वेस्टमिन्स्टर स्कूलमध्ये दाखल झाले. पुढे ते ऑक्सफर्डच्या क्राइस्ट चर्च महाविद्यालयात गेले. तेथे रॉबर्ट बॉइल यांचे साहाय्यक म्हणून त्यांनी हवापंप तयार केला. वायूचा दाब व घनफळ यांसंबंधीच्या बॉइल यांच्या प्रयोगांना या पंपाचा मोठा उपयोग झाला.

रॉयल सोसायटीतील कार्य

१६६२ मध्ये हूक यांची रॉयल सोसायटीच्या प्रयोगांचे अधीक्षक म्हणून नेमणूक झाली. सभासदांपुढे नवे प्रयोग सातत्याने सादर करणे हे त्यांचे काम होते. १६६५ मध्ये ते लंडनच्या ग्रेशॅम महाविद्यालयात भूमितीचे प्राध्यापक झाले. त्याच वर्षी त्यांचा ‘मायक्रोग्राफिया’ हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. सूक्ष्मदर्शकातून दिसणाऱ्या बुचाच्या पोकळ कप्प्यांसाठी त्यांनी योजलेली संज्ञा पुढे जीवशास्त्रात पेशीसाठी रूढ झाली. १६६६ च्या भीषण आगीनंतर लंडनच्या पुनर्बांधणीत त्यांनी सर्वेक्षक म्हणून काम केले. आगीचे स्मारक असलेल्या स्तंभाच्या उभारणीत ते क्रिस्टोफर रेन यांचे सहकारी होते.

वाहनांवरील प्रयोग

सतराव्या शतकातील घोडागाड्यांचा प्रवास खडबडीत रस्त्यांमुळे त्रासदायक असे. रॉयल सोसायटीच्या सभासदांनी हा प्रश्न हाती घेतला होता. सॅम्युएल पेप्स यांच्या दैनंदिनीवरून, मे १६६५ मध्ये कर्नल ब्लंट यांच्याकडे गाड्या सुखकर करण्याच्या ज्या चाचण्या झाल्या, त्यांना जाणाऱ्या मंडळींत हूक होते असे दिसते. त्याच वर्षी प्लेगमुळे लंडन सोडल्यावर त्यांनी जॉन विल्किन्स व विल्यम पेटी यांच्यासह एप्समजवळ मुक्काम केला. त्या मुक्कामात हे तिघे गाड्यांबरोबरच शर्यतीत वापरण्याच्या एका चाकाचीही रचना करत होते, अशी नोंद जॉन एव्हलिन यांच्या दैनंदिनीत आहे.

स्प्रिंगचा नियम

१६७५ मध्ये क्रिस्तियान हायगेन्स यांनी सर्पिल स्प्रिंगचे घड्याळ जाहीर केले. ही कल्पना आपल्याला त्याआधीच सुचली होती, असा हूक यांचा दावा होता आणि त्यातून तीव्र वाद उद्भवला. श्रेय हातचे जाऊ नये म्हणून हूक यांनी १६७६ मध्ये स्प्रिंगचा नियम लॅटिन अक्षरांच्या कोड्याच्या रूपात छापला. १६७८ मध्ये स्प्रिंगविषयीच्या ग्रंथात त्यांनी त्याची उकल दिली. मळसूत्री तार, घड्याळाची स्प्रिंग, लांब सरळ तार व लाकडी दांडा यांवर वजने चढवून त्यांनी नियम पडताळला होता. दुप्पट वजनाने दुप्पट, तर तिप्पट वजनाने तिप्पट ताण पडतो, असे त्यांना आढळले. हा नियम स्थितिस्थापकतेच्या मर्यादेतच लागू पडतो. ती मर्यादा ओलांडल्यास स्प्रिंग कायमची बसते.

शर्यतीच्या मोटारीतील उपयोग

शर्यतीच्या मोटारीची स्प्रिंग तिच्या ताठरतेवरून, म्हणजे ती एक इंच दाबण्यास लागणाऱ्या बलावरून, निवडली जाते. २०० पाउंड प्रति इंच ताठरतेची स्प्रिंग २०० पाउंड भाराने एक इंच, तर ४०० पाउंड भाराने दोन इंच दबते. वरची कडी फिरवून मोटारीची उंची बदलता येते, परंतु त्यामुळे स्प्रिंगची ताठरता बदलत नाही. मळसूत्री स्प्रिंगची ताठरता तारेच्या व्यासाच्या चौथ्या घाताच्या प्रमाणात असते. त्यामुळे तार केवळ १० टक्के जाड केली, तरी ताठरता सुमारे ४६ टक्क्यांनी वाढते. चाकापाशी जाणवणारी ताठरता मात्र स्प्रिंग कोठे बसवली आहे यावरही अवलंबून असते. चाक दोन इंच हलल्यावर स्प्रिंग एकच इंच दबत असेल, तर २०० पाउंड प्रति इंचाची स्प्रिंग चाकापाशी ५० पाउंड प्रति इंच इतकीच भरते.

अमेरिकेतील लंबवर्तुळाकार मातीच्या ट्रॅकवर मोटारी सतत डावीकडे वळतात व भार उजव्या चाकांवर सरकतो. म्हणून चारही चाकांच्या स्प्रिंगा सारख्या ताठरतेच्या नसतात. ओलसर, चिकट मातीत चाकांची पकड भक्कम असल्याने मोटार अधिक कलते. अशा वेळी सामान्यतः ताठर स्प्रिंगा घेतात. माती सुकून गुळगुळीत झाल्यावर पकड टिकवण्यासाठी नरम स्प्रिंगांकडे कल असतो. एकाच संध्याकाळी मातीची स्थिती पालटत असल्याने ही निवड शर्यतीचा निकाल बदलू शकते.

या मोटारींतील शक्तिवाहक दांड्याला जो सर्वदिश सांधा असतो, त्यालाही हूक यांचेच नाव आहे. १६७६ च्या त्याच ग्रंथात त्यांनी या सांध्याचे वर्णन केले होते.

उत्तरायुष्य व वारसा

प्रकाशाच्या स्वरूपावरून १६७२ मध्ये हूक व आयझॅक न्यूटन यांच्यात वाद झाला. गुरुत्वाकर्षण अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते, या कल्पनेच्या श्रेयावरून तो पुढे विकोपाला गेला. अखेरच्या वर्षांत हूक आजारी व एकाकी होते. ग्रेशॅम महाविद्यालयातील निवासस्थानी त्यांचे निधन झाले. त्याच वर्षी न्यूटन रॉयल सोसायटीचे अध्यक्ष झाले. हूक यांचे हयातीत काढलेले एकही निर्विवाद व्यक्तिचित्र आज उपलब्ध नाही. ते न्यूटन यांनी नष्ट केले अशी आख्यायिका आहे, परंतु तिला ठोस पुरावा नाही. दीर्घकाळ उपेक्षित राहिलेल्या हूक यांच्या कार्याचे विसाव्या शतकात नव्याने मूल्यमापन झाले. चंद्रावरील एका विवराला त्यांचे नाव देण्यात आले आहे.