महात्माजी आणि शस्त्रवैद्य

शस्त्रक्रियेत रोगी दगावला म्हणजे दैवाला तरी दोष द्यावयाचा, नाही तर डॉक्टरला, अशी आपल्याकडे चाल आहे. इस्पितळात पाऊल टाकलेला माणूस परत येत नाही, असे म्हणणारे लोक भोर व वेल्हे या मावळी भागांत अद्यापि भेटतात. या समजुतीची पारख करण्यास महात्मा गांधींचे चरित्र फार उपयोगी आहे.

2 ऑक्टोबर 1869 रोजी पोरबंदरास जन्मलेले गांधीजी 1891 साली बॅरिस्टर झाले. 1909 साली लिहिलेल्या ‘हिंद स्वराज्या’त त्यांनी वकील व डॉक्टर या दोघांवरही सारखेच कोरडे ओढले. आमच्या धंद्यावरचे कोरडे आम्ही निमूटपणे सोसतो. तथापि शस्त्रवैद्याची गरज त्यांच्या घरास तीन प्रसंगी पडलीच.

पहिला प्रसंग दक्षिण आफ्रिकेतील दरबान येथला. रक्तस्रावाने कस्तुरबांची काया इतकी झिजली होती की, तिला क्लोरोफॉर्म सोसणार नाही असे डॉक्टरांनी ताडले व भूल न देताच शस्त्र चालविले. वेदना अपार झाल्या, पण जीव वाचला. दुसरा प्रसंग 1919 च्या आरंभीचा. अतिसाराने खंगलेल्या गांधीजींवर मुंबईचे डॉक्टर दलाल यांना शस्त्रक्रिया करावयाची होती. परंतु आधी शरीर भरले पाहिजे, असा त्यांचा आग्रह होता. दूध न घेण्याचे व्रत आड आले. अखेर कस्तुरबांनी शेळीच्या दुधाची वाट काढली, अंगात त्राण आले आणि मगच शस्त्र लावण्यात आले.

तिसरा प्रसंग तर आपल्या पुण्याचा. येरवड्याच्या तुरुंगात असता आंत्रपुच्छाचा दाह होऊन 12 जानेवारी 1924 रोजी त्यांस ससून इस्पितळात आणले व त्याच रात्री कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच विजेचे दिवे गेले आणि कंदिलाच्या उजेडात काम पुरे करावे लागले. वय 54 वर्षांचे. पेनिसिलिनचा शोध तर 1928 साली लागावयाचा होता. तरीही ते बचावले. 5 फेब्रुवारीस सुटका झाली आणि पुढे 1930 चा मिठाचा सत्याग्रह व 1942 चा लढा राष्ट्राने पाहिला. 30 जानेवारी 1948 रोजी त्यांचा अंत झाला, तो मारेकऱ्याच्या गोळीने.

या चरित्राचा बोध उघड आहे. रोग्याचे मरण बहुधा केवळ सुऱ्याच्या धारेवर ठरत नाही. रक्ताची कमतरता, उपासमारीने खंगलेले शरीर, वाढते वय, मधुमेह, जखमेत शिरणारे जंतू आणि सर्वांहून घातक असा विलंब, हे खरे शत्रू होत. पूर्वतयारीने केलेल्या शस्त्रक्रियेपेक्षा आणीबाणीत केलेलीत धोका अधिक असतो. आंत्रपुच्छ फुटले की पू पोटभर पसरतो. अशा दुखण्यावर जुलाब देणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय.

येरवड्याहून ससून हाकेच्या अंतरावर होते. भोर पुण्यापासून सुमारे 50 किलोमीटर आणि भाटघर व पानशेत जलाशयांच्या पलीकडील वाड्या त्याहूनही आडवळणाच्या. तेथील शेतकऱ्याने पोटात दुखू लागल्यावर दोन दिवस शेक घेत काढले, तर सर्वोत्तम शस्त्रवैद्यही हात टेकील. मग लोक म्हणणार, इस्पितळाने मारले!

म्हणून आमचे सरकारास सांगणे आहे की, तालुक्याच्या ठिकाणी शस्त्रवैद्य, भूलतज्ज्ञ व रक्ताची सोय अहोरात्र असावी आणि 108 क्रमांकाची रुग्णवाहिका पावसाळ्यातही वाडीपर्यंत पोहोचेल असे रस्ते असावेत. नागरिकांनी व व्यापारी बंधूंनी रक्तदान करावे, आपल्या पदरच्या माणसास वेळीच तपासणीस धाडावे आणि त्या दिवसांची मजुरी कापू नये. जी निगा तुरुंगातील एका कैद्यास परसत्तेखालीही लाभली, ती स्वराज्यात मावळच्या कुणब्यास न लाभणे ही आपणां सर्वांस लाज आणणारी गोष्ट होय.